घोडे बदलायचं गाव

बदलापूर नावाची गोष्ट इथं घरोघरी सांगतात. कल्याणहून घाटाकडे निघालेले किंवा घाट उतरून बंदराकडे येणारे स्वार इथं थांबायचे, दमलेला घोडा बांधायचे, ताजा घोडा घ्यायचे आणि पुढे सुटायचे. घोडे बदलायचं गाव, म्हणून बदलापूर. आहे दंतकथाच, पण ट्रायथलॉन म्हणजे काय हे घरच्यांना समजावताना मला तिचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. आधी पोहायचं, मग पाण्यातून बाहेर येऊन सायकल घ्यायची, मग सायकल ठेवून पळत सुटायचं. मधल्या दोन थांब्यांना ट्रान्झिशन म्हणतात. तिथं घोडा बदलतो, स्वार तोच राहतो आणि घड्याळ काही थांबत नाही.

मी बदलापुरात राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि उरलेल्या वेळात हौशी ट्रायथलॉनचा सराव करतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आता पहाटे साडेपाचला पळणारे आणि सायकलवाले सर्रास दिसतात. नव्याने येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ‘आठवड्यात किती पळू?’ असा क्वचितच असतो. तो असतो, ‘शूज कुठले घेऊ? सायकल कुठली घेऊ?’ या प्रश्नाच्या पोटात भीती असते. घराचा हप्ता आहे, लोकलचा पास आहे, आणि मोबाइलवर दिसणाऱ्या एकेका सायकलची किंमत बाइकपेक्षा जास्त आहे. काहीजण ती यादी बघूनच परत फिरतात. पळायला येत नव्हतं म्हणून नव्हे, हा खेळ आपल्यासारख्यांचा नाही असं वाटलं म्हणून.

या लोकांना उत्तर देता देता मी या सामानाचा इतिहास वाचत गेलो. एक गोष्ट लक्षात आली. यातली प्रत्येक वस्तू कुणालातरी आलेल्या एका ठरावीक अडचणीवरचा उपाय आहे. ती अडचण कोणती होती हे कळलं की ती आपली आहे का, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

अनवाणी पायांपासून

सुरुवात पुण्यातून करू. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती बघायला सर दोराबजी टाटा हजर होते. पळणारे बरेचसे शेतकरी घरांतले, कुठलंही शिक्षण न घेतलेले आणि अनवाणी होते. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या आहेत, असं टाटांना दिसलं. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ पाठवायची खटपट झाली. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉन पळले आणि १९ वे आले. ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्या अंतरापेक्षाही थोडी लांब. भारताने ऑलिंपिकला संघ पाठवण्याचा इतिहास असा आपल्याच भागातल्या, बिनबुटांच्या पायांनी सुरू होतो.

पुढे १९६० साली रोममध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकला. नवे बूट पायाला नीट बसत नव्हते, म्हणून त्याने ते काढून ठेवले होते. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून पळला आणि पुन्हा जिंकला. बिहारचे शिवनाथ सिंग पायाला पट्ट्या गुंडाळून पळायचे. त्यांनी १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त काळ टिकला.

ही उदाहरणं ‘बघा, बुटांची गरजच नाही’ असं सांगायला बरेचदा वापरतात. मला त्यातून वेगळंच दिसतं. ही माणसं लहानपणापासून मातीवर अनवाणी चालली-पळलेली होती, त्यांच्या पायांची घडणच त्यातून झाली होती. आपण शाळेत कॅनव्हासचे पांढरे बूट खडूने घासून पीटीला गेलो आणि नंतर दिवसभर खुर्चीत बसलो. आपला पाय वेगळा आहे, रस्ताही वेगळा. अंबरनाथच्या पेव्हर ब्लॉकवर आणि बदलापूरच्या काँक्रीटवर तासभर आपटणाऱ्या पायाला गादी लागते.

ही गादी आली १९७० च्या दशकात. त्याआधी पळायच्या बुटाचा तळ म्हणजे जेमतेम रबराचा थर. अमेरिकेत ओरेगनचे प्रशिक्षक बिल बावरमन यांनी १९७१ मध्ये घरातल्या वॉफलच्या साच्यात रसायन ओतून खाचांचा तळ बनवायचा प्रयोग केला. साचा वाया गेला, पण पकड घेणारा हलका तळ मिळाला. त्याच दशकाच्या मध्यावर ईव्हीए नावाचा फोम बुटांत आला. आज आपल्या पायाखाली असलेली बहुतेक गादी त्याच्याच वंशातली आहे. तिची अडचण साधी होती, सामान्य माणसाच्या गुडघ्या-पोटऱ्यांना बसणारा मार कमी करणं. ती अडचण आपलीही आहे, म्हणून शूजवर खर्च करणं पटतं.

२०१७ नंतर आलेले कार्बन प्लेटचे जाड तळाचे शूज मात्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहेत. तो प्रश्न म्हणजे ताशी वीस किलोमीटरने दोन तास पळणाऱ्याची शक्ती आणखी थोडी कशी वाचवायची. १२ ऑक्टोबर २०१९ ला एलिउड किपचोगे व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर पळला, तो असेच शूज घालून. पुढच्या वर्षी जागतिक संघटनेला नियम करावा लागला: रस्त्यावरच्या शर्यतीत तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको, आत एकापेक्षा जास्त प्लेट नको. किलोमीटरला सात मिनिटं घेणाऱ्या, सायकलवरून नुकत्याच उतरलेल्या आणि पाय लटपटणाऱ्या माणसाला हे उंच, मऊ तळ खड्ड्यांच्या रस्त्यावर डगमगायलाच लावतात.

बिनसामानाची शर्यत

ज्या खेळाच्या नावाने एवढं सामान विकलं जातं, त्याची सुरुवात मात्र जवळजवळ बिनसामानाची होती. २५ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत सान दिएगोच्या मिशन बे इथं एका स्थानिक पळणाऱ्यांच्या क्लबने पळणं, सायकल आणि पोहणं अशी एक गंमतीची शर्यत ठेवली. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शनाहन हे तिचे कर्तेकरवते. ४६ जण उतरले. त्यांत जॉन कॉलिन्स नावाचा नौदलातला अधिकारी होता, सोबत बायको आणि मुलंही.

हेच कॉलिन्स पुढे हवाईत होते तेव्हा वाद रंगला: पोहणारा जास्त तंदुरुस्त, पळणारा की सायकलवाला? वाद मिटवायला त्यांनी तिथल्या तीन मोठ्या शर्यती एकापुढे एक जोडल्या. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर पळणं. १८ फेब्रुवारी १९७८ ला पहिली आयर्नमॅन झाली. १५ जण निघाले, १२ जणांनी पूर्ण केली. पाणी-खाणं द्यायला प्रत्येकाने आपापली माणसं आणायची होती. दुसरा आलेला जॉन डनबार, त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी दिलेली बिअर पिऊन पुढे गेला. पहिला आलेला गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांच्या आसपास पोचला.

मग १९८२ चा फेब्रुवारी आला. ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी पहिल्या क्रमांकावर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली आणि रांगत रेषेपर्यंत गेली. दुसरी स्पर्धक तिला मागे टाकून गेली, पण टीव्हीवर लोकांनी पाहिली ती रांगणारी ज्युली. त्यानंतर गर्दी आली, गर्दीमागून प्रायोजक आणि प्रायोजकांमागून सामान. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये खेळाला जागा मिळाली. आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली आणि मराठी घरांत हा शब्द पोचला. २० ऑक्टोबर २०१९ ला गोव्यात भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली: १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. कोकणकन्या किंवा बसने जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर हा खेळ आला.

सायकल: जी आधी इथंच होती

९० किलोमीटर सायकल ऐकून घाबरणाऱ्याने आपल्या पट्ट्याचा इतिहास आठवावा. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेली एक लाखाच्या आसपास माणसं त्या बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ ला सी. राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कॅम्पचं उल्हासनगर झालं. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते अजून तसेच आहेत. शेजारी अंबरनाथला १९२० च्या दशकापासून विम्कोचा काडेपेटीचा कारखाना होता, पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आणि औद्योगिक वसाहत आली. शिफ्ट सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. माझे आजोबा त्या लोंढ्यात होते. त्यांना कुणी सायकलिस्ट म्हटलं नाही.

त्यांची सायकल म्हणजे काळी, २८ इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची, वीसेक किलोची. तिचा मूळ आराखडा इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीने केला, आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणल्यावर ती खऱ्या अर्थाने चालवण्याजोगी झाली. भारतात बराच काळ ती विलायतेहून यायची. मग मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, मद्रासला टीआय, सोनिपतला ॲटलास, लुधियानाला हिरो असे कारखाने निघाले. ॲटलासचा साहिबाबादचा शेवटचा मोठा कारखाना बंद झाला तो ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनीच.

त्या काळ्या सायकलीची अडचण होती खराब रस्ता, जड ओझं आणि गावातला मेकॅनिक. म्हणून ती जाड, जड आणि पान्हा-हातोडीने दुरुस्त होणारी. रेसिंग सायकलची अडचण वेग. तिच्यातही बदल सहज झाले नाहीत. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलायचं डिरेलर वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर आयोजकांना तो दुबळेपणा वाटायचा. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायचे. त्या किताबाचं वजन ज्याने एकदा खोपोलीहून खंडाळ्याला सायकल रेटली आहे त्यालाच कळेल.

मग आपण काय घ्यावं? आपली अडचण या दोन्हींच्या मधली आहे. अंतर रेसिंगचं, रस्ता आजोबांचा. बदलापूर ते कर्जत रेल्वेने ३२ किलोमीटर आहे. वांगणी-नेरळमार्गे जाऊन-येऊन दीड तासाची लोकल बसते तेवढ्या अंतराचा सराव होतो. बारवी धरणाचा रस्ता चढउताराचा आणि सुंदर. काटई रस्त्यावर ट्रक-कंटेनर. तेव्हा २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर बसतील अशी साधी रोड किंवा हायब्रिड सायकल, ॲल्युमिनियमची, शक्य तर वापरलेली. २३ मिलिमीटरचे टणक टायर पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत ट्यूब चिमटवतात. आणि फ्रेमचं माप ब्रँडपेक्षा महत्त्वाचं. चुकीच्या मापाची महागडी सायकल म्हणजे दोन नंबर लहान बूट.

कपडे, कॅम्प पाचच्या भाषेत

सायकलिंगचे कपडे पूर्वी लोकरीचे असायचे. चड्डीच्या आत खऱ्या कातड्याचा मऊ तुकडा शिवलेला असायचा, धुतल्यावर तो कडक व्हायचा आणि मलम चोळून मऊ करावा लागायचा. १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत ताणलं जाणारं सूत तयार झालं, लायक्रा या नावाने ते ओळखलं गेलं, आणि पुढच्या दोन दशकांत लोकर मागे पडली. कातड्याच्या जागी फोमची गादी आली. अडचण एकच: तासन्‌तास घासलं जाणं. कोकणपट्टीच्या घामट हवेत ती आपल्याला दुप्पट आहे. म्हणून गादीची शॉर्ट्स ही चैन नव्हे. ती आतून दुसरं काही न घालता वापरायची, नाहीतर शिवण जिथं नको तिथंच घासते. सुरुवातीला खोबरेल किंवा व्हॅसलिन पुरतं.

टी-शर्टचं गणितही सोपं आहे. सुती कापड घाम पिऊन बसतं. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये बनतो तसला व्हिस्कोजचा धागाही पाणी धरून ठेवतो. पॉलिएस्टर धरत नाही, म्हणून चटकन वाळतं. असा साधा पॉलिएस्टर टी-शर्ट उल्हासनगरात शोधायला लागत नाही. ज्या गावाने देशभर जीन्स शिवून पाठवली आणि त्या जीन्सच्या निळ्या पाण्याने आपली वालधुनी नदी नासवली, त्या गावात शिवणाऱ्या हातांना तोटा नाही. पाठीमागे तीन खिसे आणि अंधारात चमकणारी पट्टी शिंपी अर्ध्या तासात शिवून देतो.

‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय. नकलेचा टी-शर्ट खुशाल घ्या, घाम त्याला नाव विचारत नाही. नकलेचे शूज आणि नकलेचं हेल्मेट मात्र नको, कारण त्यांची खरी वस्तू आत असते, फोममध्ये, आणि ती बघून कळत नाही.

आठ सेकंद आणि एक हेल्मेट

ट्रायथलॉनने सायकलिंगला दिलेली सगळ्यात प्रसिद्ध वस्तू म्हणजे पुढे झेपावणारे एरोबार. कोपर टेकवून अंग लहान करायचं, म्हणजे वारा कमी अडवतो. १९८७ च्या सुमारास ते ट्रायथलॉनमध्ये आले. व्यावसायिक सायकलवाले हसले. २३ जुलै १९८९ ला टूर द फ्रान्सच्या शेवटच्या टप्प्यात ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. टप्पा २४.५ किलोमीटरचा. त्याने एरोबार आणि निमुळतं हेल्मेट वापरलं, लोराँ फिन्याँ उघड्या डोक्याने, वाऱ्यावर शेंडी उडवत चालवत होता. लेमाँड टूर जिंकला, ८ सेकंदांनी.

ही गोष्ट ऐकली की एरोबार घ्यावेसे वाटतात. पण त्यावर कोपर टेकले की हात ब्रेकपासून दूर जातात. पॅरिसचा रस्ता त्या दिवशी बंद होता. आपल्या रस्त्यावर रिक्षा उलट्या बाजूने येते, कुत्रं आडवं जातं आणि खड्डा पाण्याखाली असतो. ती आठ सेकंदं आपली अडचण नाहीत.

हेल्मेटची गोष्ट कमी सांगितली जाते. आतून थर्मोकोलसारखा फोम असलेलं सायकलचं हेल्मेट १९७५ पासून बाजारात होतं. तरी व्यावसायिक शर्यतींत उघड्या डोक्याने चालवणं चालूच राहिलं. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडून गेला, त्यानंतर ते सक्तीचं झालं. ट्रायथलॉनचा नियम तर आणखी कडक आहे: हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरच्या सायकलला हात लावायचा नाही, आणि सायकल परत टांगल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. घोडा बदलण्याच्या जागी हा एक नियम घाईच्या वर ठेवलाय.

आपली यादी

या सगळ्यातून माझ्यापुरता खर्चाचा क्रम ठरला, आणि विचारणाऱ्याला मी तोच सांगतो. आधी मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा, कारण पहाटे साडेपाचला ट्रकवाल्याला आपण दिसणं ही आपली पहिली अडचण. मग खरं, मापात बसणारं हेल्मेट. मग पळायचे साधे, गादीचे शूज. ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पळायचेच मोजे घालून बघायचे आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवायची. पावसात भिजले की आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवायचे. मग गादीची शॉर्ट्स. सायकल घरात, शेजारी, नात्यात पडून असेल तर तीच दुरुस्त करायची, टायर नवे टाकायचे, सोबत एक जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान. सीट एवढी उंच की टाच पेडलवर ठेवल्यावर पाय खाली सरळ व्हावा. सहा महिने टिकलात तर नवी सायकल. पायाला अडकणारे पेडल त्यानंतर, आणि तेही आधी मैदानात पडून शिकायचे. कार्बन, एरोबार, वॅटमीटर सगळं त्याच्याही नंतर, किंवा कधीच नाही.

या यादीतली वरची चार कलमं एका साध्या मोबाइलच्या किमतीत बसतात. हे मुद्दाम सांगतो, कारण यादी लांबली की खेळ आपोआप वरच्या मजल्यावर जातो. कॅम्प चारमधली शिवणकाम करणारी मुलगी, एमआयडीसीत शिफ्ट करणारा मुलगा, ज्यांचे आजोबा रोज सायकलवर कामाला गेले, ते खाली उभे राहून बघत बसतात.

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० मधलं. पहाटे त्याच्या बाजूने पळणाऱ्यांत हल्ली एक रिक्षावाले काका असतात. पायात तीन वर्षं जुने, तळ झिजलेले शूज. परवा त्यांनी विचारलं, ‘हे अजून किती चालतील रे?’ मी तळ दाबून बघितला, फोम परत वर येत नव्हता. ‘काका, एवढे मात्र बदला,’ म्हटलं. ‘बाकी तुमचं सगळं बरोबर आहे.’